आठवारी

आमच्या बिल्डिंगखाली टपरी टाकून बसणाऱ्या इस्त्रीवाल्याने माझा किल्ट दुसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीच्या घरी नेऊन दिला, आणि तोवर आमच्या घरात दबक्या आवाजात चाललेलं प्रकरण विरारमधल्या अख्ख्या फुलपाड्याला कळलं.

त्याची तरी काय चूक म्हणा! सकाळी साडेसहाला आमच्या रस्त्यावर स्कूल बसची वाट बघत मुलींची रांग उभी असते. त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर हिरव्या-निळ्या चौकडीचा, चुण्यांचा स्कर्ट. माझा किल्टही हिरव्या-निळ्या चौकडीचा आणि चुण्यांचाच. त्याने गठ्ठा सोडला, चौकडी पाहिली आणि मनाशी हिशेब केला, की चौथ्या मजल्यावर एक म्हातारी, एक बाई आणि एक रिटायर माणूस राहतो. यातलं शाळेत कोणी जात नाही. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घडी हातात घेऊन वर आल्या.

“हे आमचं नाही हो,” त्या हिला म्हणाल्या. “आमच्या छकुलीची कंबर बावीस. आणि ही...”

पुढचा आकडा त्यांनी उच्चारला नाही. नुसतं माझ्या पोटाकडे पाहिलं.

मी तावातावाने खाली गेलो.

“साहब, चेक्स देखा तो इस्कूल का समझा,” इस्त्रीवाला म्हणाला.

“मेरा है.”

त्याने इस्त्रीचं झाकण उघडलं, कोळसे हलवले, फुंकर मारली. विचार करायला वेळ हवा असला की तो असंच करतो.

“आप पहनेंगे?”

“हां. बोट पे.”

“अच्छा, बोट पे!” तो एकदम निश्चिंत झाला. जमिनीवर नाही ना, मग ठीक आहे, असा काहीतरी त्याचा सूर होता.

मुळात हे सगळं माझ्या जावयाचं काम. जावई मूळचा नालासोपाऱ्याचा. दर जुलैत गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेला हा मुलगा पाच वर्षांपूर्वी ग्लासगोला नोकरीला लागला, आणि आता फोनवर म्हणतो, “बाबा, पाऊस बघायचा तर आमच्या स्कॉटलंडमध्ये.” स्कॉटलंडबद्दल खुद्द स्कॉटिश माणसाला नसेल एवढा अभिमान त्याला आहे. बाहेरून आलेल्या माणसाचं असंच असतं. मीही विरारला पहिल्या पाच वर्षांत जेवढ्या वेळा जीवदानीच्या देवळाच्या पायऱ्या चढलो, तेवढ्या पुढच्या तीस वर्षांत चढलेलो नाही.

तर माझी निवृत्ती आणि आमच्या लग्नाची पस्तीस वर्षं असा जोडमुहूर्त साधून लेक-जावयाने आम्हा चौघांसाठी क्रूझ ठरवली. इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनहून नॉर्वेला जायचं, सात रात्री. “त्यातल्या दोन रात्री फॉर्मल आहेत, बाबा,” लेक म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे जेवायला जाताना काळा सूट, बो वगैरे. नाहीतर आपापल्या देशाचा पोशाख.”

आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने माहेरी जाणाऱ्या पिढीतली ती. तिला हे ऐकून हसूच आवरेना. “बोटीवर कोण नटतं? आम्ही ट्रंकेवर बसायचो, हातात लिंबू धरायचं आणि बोट लागली की कठड्याशी जायचं. तेव्हा कुणी विचारलं नाही बो लावलाय का म्हणून.”

माझा एकमेव सूट लेकीच्या रिसेप्शनला शिवलेला. त्याची पँट आता एका मांडीला बरोबर होते.

“मग धोतर नेसा,” ही म्हणाली. “देशाचा पोशाख चालतो म्हणतात ना?”

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगून टाकतो. धोतर मी आयुष्यात एकदाच नेसलो, लग्नात. म्हणजे मला नेसवलं. दोन मावसभावांनी अकरा सेफ्टी पिनांनी ते माझ्यावर डकवलं होतं. सप्तपदीत चौथ्या पावलाला सोगा पायाखाली आला आणि पुढची तीन पावलं मी ज्या लगबगीने टाकली, त्याला हिच्या माहेरी अजून ‘जावयांची घाई’ म्हणतात. त्यानंतर मी पँटमध्ये शिरलो आणि धोतराचं नाव काढलं नाही. आमचे आजोबा धोतर नेसून शेत नांगरायचे, झाडावर चढायचे, अंगावर येणाऱ्या बैलापुढे पळायचे. मला मात्र ते नेसून सात पावलं चालता आलं नव्हतं. गांधीजी १९३१ साली लंडनला राजाच्या महालात चहाला पंचा नेसून गेले होते, हा दाखला आईने दिला. पण त्यांना तो सोडून दुसरं काही नेसायची सवय नव्हती आणि मला तो सोडून सगळ्याची होती.

“धोतर राहू द्या,” फोनमधून जावई म्हणाला. “बाबा, आपण दोघं किल्ट घालू.”

‘आपण दोघं’ असं तो म्हणाला होता. हे दोन शब्द जरा लक्षात ठेवा.

डिसेंबरात ते दोघं घरी आले तेव्हा त्याने बॅगेतून किल्ट काढला. चांगला दीड-दोन किलोचा, लोकरीचा, ग्लासगोच्या दुकानातून सेकंडहँड घेतलेला.

“आधी कोणाचा होता?” आईने विचारलं.

“माहीत नाही, आजी. बहुतेक कुणीतरी वारलेले गृहस्थ.”

आईने काही न बोलता त्याच्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं. किल्टवर. थोडं जावयावरही उडालं.

स्कॉटलंडमध्ये म्हणे घराण्याघराण्याची चौकडी ठरलेली असते. आपल्या आडनावाची आहे का, असं मी आशेने विचारलं. नव्हती. ज्यांना घराणं नाही त्यांच्यासाठी काही खुल्या चौकड्या आहेत, त्यातली ही. नाव ‘ब्लॅक वॉच’. ते नाव हिने स्वयंपाकघरातून अर्धवट ऐकलं, आणि पुढचे पंधरा दिवस डोंबिवलीच्या बहिणीला, दूधवाल्याला, देवळातल्या बायकांना सांगत सुटली, “ह्यांना जावयांनी काळं घड्याळ आणलंय.” लोक माझ्या मनगटाकडे बघायचे. मी हात पाठीमागे घ्यायचो.

ब्लॅक वॉच ही खरं तर स्कॉटिश पलटण. तिची रेजिमेंट उभी करायचा हुकूम १७३९ सालचा. आता १७३९ म्हटलं की वसई तालुक्यातल्या माणसाचे कान टवकारतात, कारण त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. मला हा योगायोग फार मोठा वाटला. “बघ,” मी हिला म्हणालो, “आपलं यांच्याशी नातं जुनं आहे.”

“चिमाजी अप्पा परकर नेसून वसईला आले नव्हते,” ही म्हणाली.

मग व्याकरणाचा प्रश्न निघाला. किल्ट तो की ती? जावई म्हणाला तो. ही म्हणाली ती. “साडी ती, लुंगी ती, चड्डी ती. मग हीच कोण लागून गेली?”

“परकर तो असतो,” मी म्हणालो. यामुळे माझी बाजू बळकट झाली की गेली, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याहून अवघड प्रश्न क्रियापदाचा. किल्ट घालायचा की नेसायचा? जावई पाच वर्षं स्कॉटलंडमध्ये काढून या बाबतीत कोरा होता. शेवटी आईने चष्मा लावून कापड हातात घेतलं. शिवलेलं घालतात, न शिवलेलं नेसतात, हा तिचा नियम. किल्टच्या चुण्या कमरेपासून बसायच्या जागेपर्यंत शिवलेल्या आणि तिथून खाली मोकळ्या सोडलेल्या. आईने दोनदा बोटं फिरवली आणि निकाल दिला, “वरून घाल आणि खालून नेस.”

“कापड किती आहे यात?” हिने विचारलं.

“आठ यार्ड,” जावई म्हणाला.

यार्ड म्हणजे वार. ही क्षणभर गप्प झाली. पस्तीस वर्षांत ही ज्या ज्या वेळी अशी गप्प झाली, त्या त्या वेळी पुढे मला महागात पडलंय.

“म्हणजे माझ्या नऊवारीपेक्षा एक वार कमी,” ती म्हणाली. “आठवारी.”

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात किल्टला कोणी किल्ट म्हटलं नाही. “अहो, तुमची आठवारी दोरीवरून काढा, पाखरं बसतायत.” “बाबांची आठवारी कुठे ठेवलीय ग, आई?”

मी गंभीरपणे अभ्यासाला लागलो. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलंडची माणसं हरली आणि इंग्रज सरकारने कायदाच केला, की यापुढे हा पोशाख बंद. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. कायदा १७८२ पर्यंत चालला. मला हे वाचून गंमत वाटली. किल्ट घातला म्हणून तेव्हा सात वर्षं समुद्रापार पाठवत, आणि मला किल्ट घालता यावा म्हणून सात रात्री समुद्रावर पाठवत होते. शिवाय हा गुडघ्यापर्यंतचा आखूड किल्ट मुळात रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने काढला, असंही सांगतात. हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा जावयाने नेटवर्क गेल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो चौथा जॉर्ज राजा. १८२२ साली तो एडिंबरोला गेला. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने त्याच्या स्वागताचा घाट घातला होता. राजाचं पोट माझ्यासारखंच. किल्टखालून दिसणाऱ्या पायांची त्याला लाज वाटली असावी, म्हणून त्याने खाली गुलाबी तंग विजार चढवली. लोक त्यावरून अजून हसतात. मला मात्र त्याचं पटलं.

कारण एव्हाना मलाही तोच प्रश्न छळत होता. छळत होता म्हणजे सगळं फुलपाडं मला त्यावरून छळत होतं. आत काय?

सरळ कोणी विचारत नसे. आपल्याकडे सरळ विचारायची पद्धत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये म्हणाले, “नॉर्वेला थंडी फार. म्हणजे... वारा खालून येत असेल नाही?” किराणावाला म्हणाला, “एक बरं आहे, हवा खेळती राहते.” पापडखिंडीच्या धरणावर सकाळी आमचा पाच निवृत्तांचा कंपू फिरायला जातो. त्यातले एक गृहस्थ आयुष्यभर ऑडिट खात्यात होते. त्यांनी पाणी, पक्षी, महापालिका असे विषय घेत घेत शेवटी विचारलं, “काय हो, या पोशाखात एकूण नग किती?”

जावई मात्र ठाम होता. “बाबा, खरा स्कॉट्समन आत काही घालत नाही.”

“मी खरा फुलपाडकर आहे,” मी म्हणालो.

आईने आतल्या खोलीतून विषय संपवला. “चड्डी घाल रे.”

मार्च-एप्रिलमध्ये रंगीत तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी मी चुण्या पुढे घेऊन उभा राहिलो. निऱ्या पुढेच असतात, हे लहानपणापासून बघितलेलं. व्हिडिओ कॉलवर जावई ओरडला, “बाबा, पुढचं मागे करा!” किल्टचा सपाट भाग पुढे आणि निऱ्या पाठीमागे. हिला ते अजिबात पटलं नाही. स्वतःला न दिसणाऱ्या निऱ्या काढून करायच्या काय?

कमरेला पुढच्या बाजूला साखळीने एक चामड्याची पिशवी लोंबते. तिला स्पोरन म्हणतात, पण आमच्या आजोबांची पानाची चंची ज्याने पाहिलीय त्याला नवं नाव शिकायची गरज नाही. फरक एवढाच, की चंची कडोसरीला गप्प बसायची. ही चालताना प्रत्येक पावलाला नको तिथे धडका देते. उजव्या मोज्यात एक छोटा सुरा खोचायचा असतो. बोटीवर पातं चालायचं नाही, म्हणून जावयाने आणलेल्या सुऱ्याला नुसती मूठ होती.

“पातं नाही तर मूठ कशाला?” ही म्हणाली.

“शोभेला.”

“मग चमचा खोचा. जेवताना उपयोगी तरी पडेल.”

आणि ते बूट! त्यांना जीभ नसते. हातभर लांब नाडी असते, ती पोटरीपर्यंत वेढे देऊन पुढे बांधायची. माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसाने किल्ट घालून, खाली वाकून, तोल सांभाळून, वर पाठीमागच्या आठ वारांवर लक्ष ठेवून नाडी बांधणं, हे मला तर आसनांच्या पुस्तकात घालण्यासारखं वाटतं. मी तीन प्रयत्न केले. तिसऱ्यात बांधली गेली, पण दोन्ही बूट एकमेकांना.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवशीच जमली. किल्ट घालून बसताना पुरुषांना फार शिकावं लागतं म्हणे. आधी हाताने मागच्या चुण्या सावरायच्या, मग अलगद टेकायचं आणि गुडघे जुळवून ठेवायचे. मी बत्तीस वर्षं विरार-चर्चगेट केलेला माणूस. साठ किलोमीटर जाताना आणि साठ येताना चौथ्या सीटवर, अर्ध्या बुडावर, गुडघे जुळवून, मांडीवर दुसऱ्याची बॅग घेऊन बसलोय. मी खुर्चीवर टेकलो आणि जावई फोनमधून पाहतच राहिला. “बाबा, तुम्ही जन्मजात आहात,” तो म्हणाला.

वाऱ्याची परीक्षा घ्यायला मी गच्चीवर गेलो. जीवदानीच्या डोंगरावरून सकाळी बरा वारा सुटतो. गच्चीवर तीन विंगच्या बायका पापड-कुरडया घालत बसल्या होत्या. किल्टमध्ये मी दारात उभा. आता किंचाळ्या ऐकू येणार, या तयारीने मी श्वास रोखला.

“काका, जरा सरका,” एकजण मान वर न करता म्हणाली. “सावली पडतेय.”

दुसरीने कापडाला हात लावून बघितला. “लोकर आहे वाटतं. कुरडयांवर पांघरायला नाही चालायची, कूस लागेल.”

इतक्या दिवसांची माझी धडधड त्या कुशीत विरून गेली. माणूस आपल्या लाजेला जेवढा भाव देतो, त्याच्या पावपटही लोक देत नाहीत, निदान वाळवणाच्या दिवसांत.

जाण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरताना भांडण झालं. माणशी तेवीस किलो. माझी आठवारी, बूट, चंची मिळून चार किलो. म्हणजे लेकीसाठी केलेली चार किलो भाजणी मागे. मी हटलो नाही. ही बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिने भाजणी काढली, पण वसईचा बॉटल मसाला काढला नाही. हा आमच्याकडच्या ईस्ट इंडियन घरांतला मसाला, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरतात म्हणून त्याचं हे नाव. काच फुटेल म्हणून हिने तो अर्धा किलो मसाला पिशवीत बांधला आणि पिशवी जिथे नीट गादी मिळेल अशा जागी ठेवली. माझ्या निऱ्यांत.

पिशवी कुठे फुटली, मुंबईत की लंडनच्या पट्ट्यावर, ते सांगता येणार नाही. मोठा भाग आम्ही ग्लासगोला झाडून काढला. झाडून म्हणजे जावयाच्या बाल्कनीत आम्ही चौघांनी चार टोकं धरून चादरीसारखा किल्ट झटकला. खालच्या मजल्यावरचं कुत्रं रात्रभर शिंकत होतं.

बोट म्हणजे काय वर्णावं! विरारचं स्टेशन, त्यावर दोन मॉल, त्यावर एक पंचतारांकित हॉटेल आणि हे सगळं पाण्यावर. पहिली फॉर्मल रात्र दुसऱ्याच दिवशी होती. संध्याकाळी केबिनमध्ये मी तासभर झगडून तयार झालो. तिन्ही बक्कलं लागली. बूट हिने बांधले. ही नऊवारीत पाच मिनिटांत तयार झाली होती आणि उरलेला वेळ आल्याची वडी चघळत माझ्याकडे बघत बसली होती. दारावर टकटक झाली. दारात जावई. अंगावर साधा काळा सूट.

मी नुसता बघत राहिलो.

“बाबा,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “माझ्या किल्टचं बक्कल लागेना. बहुतेक आक्रसलाय.”

लोकर आक्रसते. पण नालासोपाऱ्याचं पोर पाच वर्षं तिथलं लोणी खाऊन आक्रसत नाही. त्याच्या सासूसमोर मी काही बोललो नाही. जावई म्हणजे शेवटी जावई.

डायनिंग हॉलच्या दाराशी फोटोग्राफर होता. त्याने आम्हाला बघून आनंदाने हात पसरले, मला हळूच खांद्याला धरून बाजूला केलं आणि हिचे अकरा फोटो काढले. समोरून, बाजूने, पदर घेऊन, पदर सोडून. पुढे एक भारतीय गृहस्थ आले, बहुधा सुरतेकडचे. मला आपादमस्तक न्याहाळून अदबीने म्हणाले, “आपका प्रोग्राम कितने बजे है?”

“कसला प्रोग्राम?”

“बॅगपाइप का.”

आपल्याकडे किल्ट घातलेला माणूस वरातीच्या बँडात सोडून कोणी पाहिलेलाच नसतो, त्याला ते तरी काय करणार. मी नऊला म्हणून सांगितलं. ते खरंच नऊला येऊन बसले, हे मागाहून कळलं.

आमच्या टेबलावर इनव्हर्नेसचं एक वयस्कर जोडपं होतं. म्हातारबुवा स्वतः किल्टमध्ये, त्यांच्या घराण्याच्या लाल चौकडीत. माझी चौकडी बघून त्यांनी पाठ ताठ केली आणि जावयाला विचारलं, हे पलटणीत होते का?

“त्यांना सांग,” मी जावयाला म्हणालो, “पलटण कसली, बत्तीस वर्षं वेस्टर्न लाइनला काढली.”

जावयाने शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. म्हातारबुवांना ‘वेस्टर्न लाइन’ कुठलीतरी युद्धआघाडी वाटली असावी. त्यांनी विचारलं, फार माणसं गेली का?

“रोज जातात,” मी म्हणालो.

ते उभे राहिले. ग्लास उंचावला. टेबलावरचे सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो, आणि उभा राहताना माझ्या निऱ्यांत उरलेला बॉटल मसाला जागा झाला. आधी म्हातारबुवा शिंकले, मग त्यांच्या पत्नी, मग सूप घेऊन आलेला वेटर. म्हातारबुवांचे डोळे पाण्याने भरले. त्या दृश्याचा अर्थ शेजारच्या टेबलाने काय घ्यायचा तो घेतला; तेही उभे राहिले.

जेवण झाल्यावर लेक म्हणाली, डेकवर फोटो काढू. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि जून महिन्याच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे लख्ख ऊन होतं. दार उघडलं आणि उत्तर समुद्राचा वारा आत आला. जीवदानीचा वारा आणि हा वारा यांत शेअर रिक्षा आणि विरार फास्ट एवढा फरक. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. मध्ये मी, शेजारी ही, दोन्ही बाजूंना इनव्हर्नेसची मंडळी. लेकीने मोबाइल उचलला.

“हसा!”

आणि आठच्या आठ वार वर गेले.

पुढून चंचीने थोडी अब्रू राखली. पाठीमागचा सगळा पसारा छत्री उलटावी तसा माझ्या खांद्यांपर्यंत आला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने चुण्या, असा मी गोल फिरत होतो. म्हातारबुवांचंही तेच चाललं होतं, पण त्यांनी पन्नास वर्षांच्या सरावाने दोन्ही मांड्यांत किल्ट दाबून धरला होता. या सगळ्या वादळात हिची नऊवारी तसूभर हलली नाही. पदर तेवढा फडफडला, तोही तिने कमरेला खोचला. मग माझ्या पाठीमागे येऊन भिंतीसारखी उभी राहिली आणि चुण्या गोळा करून मुठीत धरल्या.

“आठ वार कापड घेतलं,” ती माझ्या कानात ओरडली, “आणि कासोट्याला एक वार घ्यायला काय झालं होतं यांना?”

तो नववा वार. मी स्कॉटलंडचा सगळा इतिहास वाचला होता आणि तो कोणत्याच सालात सापडला नव्हता.

म्हातारबाईंना ते समजावून हवं होतं. आत आल्यावर हिने टेबलावरची चादर ओढली आणि भर हॉलमध्ये कासोटा कसा घालतात ते जावयावर करून दाखवलं. जावई काळ्या सुटावर चादर नेसून निमूट उभा राहिला. मला जरा बरं वाटलं. म्हातारबुवा लांबून ऐकत होते. त्यांनी विचारलं, एकूण किती यार्ड? ही म्हणाली, “नाइन.” त्यांनी आपल्या किल्टकडे एकदा पाहिलं आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

लेकीने ‘हसा’ म्हटल्यावर बटण दाबलेलं होतंच. फोटो अगदी नेमक्या क्षणाचा आला. तिने तो ‘आई-बाबा क्रूझ’ या ग्रुपवर टाकायला घेतला आणि पडला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, कारण दोन्हींवर गणपतीचाच फोटो आहे. फुलपाड्यात तेव्हा पहाट व्हायची होती. साडेसहाला सेक्रेटरींचा अंगठा आला. ऑडिटवाल्या गृहस्थांचा स्वतंत्र निरोप होता: “नग मोजले. शंका मिटली.” किराणावाल्याने फक्त तोंड झाकलेलं माकड पाठवलं. आठला आईचा फोन आला.

“चड्डी घातली होतीस, हे बरं केलंस,” ती म्हणाली. “पण पट्ट्यापट्ट्यांची कशाला नेलीस? घरात नवी होती. आणि नाडी बाहेर लोंबत होती.”

दुसऱ्या फॉर्मल रात्री मी जावयाची जुनी पँट घालून गेलो. वेटरने ओळखलं नाही.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी किल्ट इस्त्रीला दिला. या वेळी वर चिठ्ठी डकवली: चौथा मजला, पुरुष. संध्याकाळी पैसे द्यायला गेलो तर हिशेबाचा आकडा भलताच.

“पँटचे एवढे?” मी म्हणालो.

“पँट कहाँ, साहब?” त्याने निऱ्या एकेक करून उलगडून दाखवल्या. त्यातून शेवटचा चिमूटभर मसाला उडाला आणि तो शिंकला. “इतना प्लेट है. साडी का रेट लगेगा.”

मी वाद घालायला तोंड उघडणार तेवढ्यात चौथ्या मजल्याच्या खिडकीतून हिचा आवाज आला. “नऊवारीचा रेट देऊ नका हो. एक वार कमी आहे!”